दोन जावा आणि एक नणंद

३ तारीख, सोमवार

कालचा रविवार पुसून टाकता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. दैनंदिनीची सवय मला नाही. एकवीस वर्षं मी रक्तपेढीचे सर्व्हर सांभाळते आणि आजवर जे काही लिहिलं ते सगळं यंत्रांसाठी लिहिलं.

झालं असं. आमच्या पेढीची पाच केंद्रं आहेत. कुठल्या केंद्राच्या फ्रिजमध्ये कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, ते एका फलकावर दिसतं. फलक म्हणजे स्क्रीनवरचं एक पान. इस्पितळं ते बघून मागणी करतात, ड्रायव्हर ते बघून गाडी काढतात. रविवारी सकाळी सहाच्या सुमारास मुख्य सर्व्हरनं नवीन नोंदी घेणं थांबवलं. फलक बंद पडला असता तर बोंबाबोंब तरी झाली असती. तो बंद पडलाच नाही. अकरा तास सकाळचेच आकडे दाखवत साळसूदपणे उभा राहिला.

दुपारी ड्रायव्हरकाका टेकडीवरच्या केंद्रावर गेले. फलकावर दोन पिशव्या, फ्रिजमध्ये एकही नाही. तिकडे इस्पितळात एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर. काकांनी गाडीत बसून एकेका केंद्राला फोन लावले, चौथ्या फोनला पिशवी सापडली आणि ते वेळेत पोचले. बाई वाचली. काकांमुळे वाचली, माझ्यामुळे नाही. मी तेव्हा घरी पडदे धूत होते. मला कळलं संध्याकाळी पाचला, तेही काकांकडूनच.

"ताई, मशीन झोपलं तर झोपलं," ते म्हणाले. "पण झोपलंय हे कुणीतरी सांगायला नको का?"

रागावले असते तर परवडलं असतं.

४ तारीख, मंगळवार

मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे पेढीच्या प्रमुख डॉक्टर. त्या आवाज चढवत नाहीत, चष्मा काढतात. आज चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुढच्या महिन्याच्या पंधराला समिती बसतेय. बाहेरची एक कंपनी सगळे सर्व्हर सांभाळायला तयार आहे."

"आणि मी?"

"कोठारात एक जागा रिकामी आहे."

कोठार म्हणजे कापसाचे गठ्ठे, नळ्यांचे खोके आणि चिकटपट्ट्या. खिडकी नाही. मी म्हटलं, पंधरा तारखेपर्यंत मला वेळ द्या, मी सर्व्हरवर राखण बसवते. त्यांनी विचारलं, सर्व्हर पुन्हा पडणार नाही असं लिहून देता का?

"नाही देत. सर्व्हर पडणारच. पण पडला की दोन मिनिटांत सगळ्यांना कळेल आणि काका पुन्हा रिकाम्या फ्रिजसमोर उभे राहणार नाहीत, एवढं लिहून देते."

कागद पुढे सरकवला त्यांनी. मला वाटलं होतं, बोलण्यावर भागेल. सही केली. अक्षर वाकडं आलं, पण मॅडमनी तोवर चष्मा लावलेला नव्हता.

७ तारीख, शुक्रवार

राखणीची एक तयार, भली मोठी प्रणाली बसवली. काय ते आलेख! लाल, हिरवे, डोंगर, दऱ्या. दिवसभरात माझ्या फोनवर दोनशे बारा सूचना आल्या. डिस्क थोडी भरली, पंखा थोडा तापला, कुणीतरी पासवर्ड चुकवला. दुपारनंतर मी फोन उलटा ठेवला.

चारला टेकडीवरच्या केंद्रात काम निघालं म्हणून गेले. तिथली तंत्रज्ञ पोरगी कामाला चोख, पण फ्रिजच्या भोंग्यावर तिनं जखमेची चिकटपट्टी चार पदरी लावून ठेवलेली. दार उघडलं की भोंगा वाजतो, दिवसातून साठ वेळा दार उघडतं, म्हणून. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. रक्त खराब झालं तर कोण जबाबदार, वगैरे. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुमचा फोन मघापासून थरथरतोय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परत येताना बसमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली. त्या पोरीला मनातल्या मनात पट्टीवाली म्हणून मोकळी झाले होते. खरी पट्टीवाली मीच.

९ तारीख, रविवार

आई दुसऱ्या गावात एकटी राहते. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होती. नऊ वर्षांपूर्वी मी तिला एक पद्धत लावून दिली. रोज सकाळी सात दहाला तिनं मला रिंग द्यायची, मी ती कट करायची. रिंग आली म्हणजे आई ठीक. बोलणं रविवारी. इतकी साधी पद्धत, पण नऊ वर्षांत आईची रिंग एकदाही चुकलेली नाही. घरात मला हे सुचतं आणि कामावर दोनशे बारा सूचना!

आज रिंग आली तेव्हा मी अंघोळीला गेले होते. फोन वाजून वाजून थांबला. पाच मिनिटांत दारावरची बेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, हातात स्टीलची वाटी. साखर हवी. माझ्या केसांतून पाणी गळतंय आणि या बाई मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून विचारतायत, "बरं आहे ना सगळं?" अहो, बेल वाजेपर्यंत बरंच होतं. साखर दिली. यांच्या घरात साखर टिकत कशी नाही हे एक कोडंच आहे, कारण घरात त्या एकट्या आणि मधुमेह आहे असं त्यांनीच मला सांगितलंय. माणसाचा जिभेवर ताबा नसला की असं होतं.

आईच्या हट्टापायी माझ्या घराची एक चावी यांच्याकडे असते. नशीब, अजून चावीनं उघडून साखर नेत नाहीत.

१२ तारीख, बुधवार

ती आलेखांची प्रणाली काढून टाकली. सगळीच्या सगळी. मग कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहिला: कुठली गोष्ट कळली तर मी खुर्चीतून उठून उभी राहीन? पंखा तापला तर नाही उठणार. डिस्क थोडी भरली तर उद्या बघीन. या कसोटीवर दोनशे बारातून नऊ तपासण्या उरल्या. फक्त नऊ!

नववी मला फार आवडली आहे. दर मिनिटाला एका केंद्रातून एका खोट्या पिशवीची नोंद करायची, ती फलकावर उमटते का बघायचं आणि लगेच पुसायची. उमटली नाही तर फलक शिळा. त्या रविवारी ही तपासणी असती तर सहा वाजून दोन मिनिटांनी बिंग फुटलं असतं. नोंद गटाशिवाय होत नाही, म्हणून गट टाकला ओ निगेटिव्ह. तपासणी अगदी खऱ्यासारखी झाली पाहिजे.

१७ तारीख, सोमवार

राखणदार एक असून चालत नाही. तोच मेला तर सांगणार कोण? म्हणून पुस्तकाएवढी दोन छोटी यंत्रं घेतली, दोन्ही सर्व्हरच्या खोलीत एका फळीवर शेजारी शेजारी. दोघीही नऊ तपासण्या करतात आणि एकमेकींवरही डोळा ठेवतात. एक गेली की दुसरी सांगणार. मी त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणते. एकमेकींवर डोळा ठेवण्यात जावांचा हात कोण धरणार!

मॅडम, काका, पाचही केंद्रं, सगळ्यांचे फोन जोडले. आज मन हलकं आहे. कोठाराच्या दारावरून गेले आणि आत बघितलंसुद्धा नाही.

२० तारीख, गुरुवार

नाक कापलं गेलं.

सकाळी साडेदहाला सगळ्यांना थोरलीचा मेसेज: "धाकटी बंद पडली आहे." त्याच मिनिटाला धाकटीचा: "थोरली बंद पडली आहे." मग थोरलीचा: "सर्व्हर ठीक आहेत." धाकटीचा: "एकही सर्व्हर दिसत नाही." असं वीस मिनिटं. पाचही केंद्रांतून फोन. काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन विचारलं, "ताई, नक्की कोण गेलं?"

कुणीही गेलं नव्हतं. दोघी धडधाकट होत्या. दोघींच्या मधली एक वायर सैल झाली होती, आणि मला दिसत नाही म्हणजे ती मेली, असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलं. बोलणं तुटलेल्या दोन बायका सगळ्या गल्लीत एकमेकींची सुतकं सांगत फिरल्या.

मॅडमनी फक्त कॅलेंडरकडे बघितलं. मी जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२३ तारीख, रविवार

आईशी बोलले. रडायचं नाही असं ठरवून फोन केला होता, पण तिनं "आवाज असा का?" विचारलं आणि संपलं. जावांचं भांडण सांगितलं. तिला सर्व्हर कळत नाही, भांडण लगेच कळलं.

"अगं, आमच्याकडे हे रोजचंच होतं. एक ऑपरेटर म्हणणार लाइन मेली, शेजारची म्हणणार जिवंत आहे. दोघी एकाच खोलीत, एकाच बोर्डावर. त्यांना काय कळणार डोंबल?"

"मग तुम्ही काय करायचात?"

"तिसऱ्या गावच्या ऑपरेटरला सांगायचं, तू तिकडून वाजवून बघ. दोघींचं जमलं तरच लाइन मेली म्हणून वहीत लिहायचं. एकटीच्या शब्दावर आम्ही कुणालाच मेलेलं लिहीत नव्हतो. आणि तिसरी लांबची हवी. आपल्या खोलीतली नाही चालत, तिला आपल्यासारखंच दिसतं."

चौतीस वर्षं हेडफोन घालून बसलेल्या बाईनं मला माझं काम शिकवलं.

"नणंद हवी म्हण की," मी म्हटलं. "दुसऱ्या घरात राहणारी, आणि मत असलेली."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. फोन ठेवताना म्हणाली, "रोज सकाळी कट करायला विसरत जाऊ नकोस. जीव टांगणीला लागतो." आता रिंग देते ती, मग जीव टांगणीला हिचा कसा लागतो? वय झालं. उलटसुलट बोलते कधीकधी.

२६ तारीख, बुधवार

काकांच्या गाडीतून धाकटीला गॅरेजशेजारच्या केंद्रात नेऊन बसवलं. मग नणंदेला, म्हणजे नव्या तिसऱ्या यंत्राला, घेऊन टेकडीवर. तिघी आता तीन घरांत. तिघींना स्वतंत्र बॅटरी, स्वतंत्र मोबाइलचं कार्ड. नियम एकच: दोघींचं जमल्याशिवाय कुणीही कुणालाही मेलेलं म्हणायचं नाही.

पट्टीवालीनं नणंदेसाठी खिडकीजवळची फळी पुसून ठेवली होती. फ्रिजच्या भोंग्यावरची पट्टी काढलेली दिसली. दार दीड मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिलं तरच वाजेल असं तिनं कारागिराकडून करून घेतलंय. मी काही न सांगता. मी तिची माफी मागितली. ती लाजली आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं." अगं, बोललीस म्हणून तर नऊवर आले.

परतीच्या रस्त्यात काका म्हणाले, "काहीही म्हणा ताई, मी आधी फोन करूनच निघणार. तुमच्या तिघी काय म्हणायचं ते म्हणू देत."

मला जरा लागलं ते.

३१ तारीख, सोमवार

हे लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच लिहिते.

सकाळी अकराला इस्पितळातून ओ निगेटिव्हची मागणी आली. फलकावर सगळ्यात जवळची पिशवी टेकडीवर, एक. काकांनी गाडी काढण्याआधी पट्टीवालीला फोन केला. तिनं फ्रिज उघडला. एकही नाही. कुठून असणार? ती माझी पिशवी होती. माझी खोटी, आवडती, नवव्या तपासणीची पिशवी! नोंद झाली आणि पुसण्याच्या क्षणी टेकडीची लाइन गेली, म्हणून ती फलकावर तशीच राहिली. काकांना पुन्हा रिकाम्या फ्रिजकडे पाठवायला यावेळी सर्व्हर पडावा लागला नाही. मी पुरेशी होते.

काकांच्या एका फोनमुळे सहा मिनिटांत निभावलं. गॅरेजच्या केंद्रातून खरी पिशवी गेली. परवा मला ज्या फोनचा राग आला होता, तोच हा फोन.

हे कुणालाच कळलं नसतं. सगळे म्हणाले असते, फलक पुन्हा चुकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दहा मिनिटं मी मॅडमच्या दाराबाहेर उभी राहिले, मग आत जाऊन सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "हे मला का सांगताय?"

"कारण चूक राखणीची आहे. माझी."

"ही दुरुस्त होईल?"

"झाली. आता खोट्या पिशवीचा गट 'चाचणी' आहे. तो गट इस्पितळाला मागताच येत नाही, फलकावरही दिसत नाही. फक्त तिघींना दिसतो. आणि फलक शिळा झाला की फलकावरच लाल पट्टा येईल: आधी फोन करा, मग निघा." हे शेवटचं वाक्य काकांचं आहे, तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "जा, काम करा." कोठाराचं नाव काढलं नाही. काढतील.

८ तारीख, मंगळवार

आठवडाभर तिघी शांत. दोनच सूचना आल्या, दोन्ही खऱ्या, दोन्ही वेळा मी खुर्चीतून उठले. मुद्दाम वायरी उपटून बघते. एकदा धाकटी, एकदा नणंद. दर वेळी उरलेल्या दोघींचं एकमत होतं, दीड मिनिटाच्या आत.

आज सकाळी फोन उशीखाली राहिला आणि रिंग ऐकूच आली नाही. वहिनी हजर, वाटी घेऊन. मी झोपाळलेल्या डोळ्यांनी साखर ओतली. "उशीर झाला का उठायला?" म्हणे. एक दिवस मी यांना सरळ विचारणार आहे.

१५ तारीख, मंगळवार

समिती. सात माणसं, लांब टेबल. बाहेरच्या कंपनीचा माणूसही आला होता, फार छान सदरा घालून. त्यानं पडद्यावर आलेख दाखवले. तेच डोंगर, त्याच दऱ्या. मी फळ्यावर तीन घरं काढली आणि नऊ ओळी लिहिल्या. जावा-नणंदेचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण मॅडमच म्हणाल्या, "नावं सांगा की त्यांची." सांगितली. सगळी समिती हसली, सदऱ्याची घडी तेवढी मोडली नाही.

ठरल्याप्रमाणे मी सर्व्हर बंद करून दाखवणार होते. तेवढ्यात समितीतले निवृत्त स्टेशनमास्तर उठले. "सर्व्हर तर तुम्ही बंद कराल. पण सिग्नलवालाच मेला तर?" असं म्हणून ते थेट सर्व्हरच्या खोलीत गेले आणि त्यांनी थोरलीची वीज आणि बॅटरी दोन्ही काढून टाकली. मला विचारलंही नाही.

मी घड्याळाकडे बघत उभी होते. साठ सेकंद. सत्तर. ऐंशीला मॅडमचा फोन वाजला, मग टेबलावरचे दोन, मग व्हरांड्यात बसलेल्या काकांचा. "थोरली बंद पडली आहे. धाकटी आणि नणंद दोघींनी खात्री केली आहे. सर्व्हर ठीक आहेत." काकांनी व्हरांड्यातूनच मोठ्यांदा वाचून दाखवलं. स्टेशनमास्तरांनी बॅटरी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "गाडी जाऊ द्या."

निर्णय मात्र लगेच दिला नाही. एक महिना बघू, मग कंपनी की मी ते ठरवू. खरा प्रसंग आल्याशिवाय काय कळणार, असं एक जण म्हणाला. खरं आहे, पण मला राग आला.

२१ तारीख, सोमवार

खरा प्रसंग आला!

सगळं नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. थोरलीची बॅटरी बदलायची म्हणून मी साडेसहालाच घर सोडलं. फोन चार्जरला लावलेला, तो तिथेच राहिला. आयुष्यभर सूचनांची राखण बसवणारी बाई फोनशिवाय कामावर! नऊ वाजता पेढीसमोरच्या रस्त्यावर खोदकाम सुरू झालं. मी सर्व्हरच्या खोलीत दार लावून बॅटरीचे स्क्रू पिळत होते. यंत्राच्या पंज्यानं रस्त्याखालची केबल तोडली ते मला ऐकूसुद्धा आलं नाही. सव्वानऊला मुख्य केंद्र बाहेरच्या जगापासून तुटलं, आणि ते जगात सगळ्यात शेवटी कळलं ते मला.

धाकटीनं बघितलं, नणंदेनं बघितलं, दोघींचं जमलं. एका मिनिटात सगळ्यांना मेसेज गेला: "मुख्य केंद्र दिसत नाही. फलक शिळा आहे. आधी फोन करा, मग निघा." त्याच वेळी एका बाळंतिणीसाठी बी निगेटिव्हची मागणी आलेली. फलकावर पिशवी मुख्य केंद्रात दिसत होती. ती केबल तुटली त्याच सुमारास दुसरीकडे दिली होती; तिची आणि टेकडीवर नुकत्याच आलेल्या दोन पिशव्यांची नोंद फलकावर पोचायची होती. काकांची गाडी मुख्य केंद्राकडे वळलेली. मेसेज वाचून त्यांनी फोन लावला, पट्टीवाली म्हणाली, माझ्याकडे दोन आहेत, मी घेऊन खाली रस्त्यावर येते. अठरा मिनिटांत पिशव्या इस्पितळात. आई आणि बाळ दोघंही सुखरूप.

मला हे कळलं कसं? मॅडम जिना उतरून आल्या, त्या कधीच उतरत नाहीत. दार उघडून म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचा मेसेज आलाय." मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उठून उभी राहिले.

आणि मॅडमच्या मागे कोण? वरच्या वहिनी! घामाघूम, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात ती स्टीलची वाटी, आणि वाटीत माझा फोन. एकामागून एक मेसेज येत होते आणि फोन वाटीत खडखडत होता.

"हा थांबतच नाही," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघून त्या तिथल्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. "बरी आहेस ना? बेल वाजवली, उत्तर नाही. चावीनं उघडलं, तर नुसता फोन. तुझी पेढी शोधता शोधता दोन तास गेले. तुझी आई तिकडे जीव मुठीत धरून बसलीये. आधी तिला फोन लाव."

"आई? तिनं कशाला?"

"तू रिंग कट केली नाहीस ना!"

मी मॅडमच्या देखत जमिनीवर बसले.

व्हरांड्यात जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला आईनं उचलला. मी म्हटलं, मी ठीक आहे. मग मी विचारलं, हे कधीपासून?

"नऊ वर्षं. तुझा नवरा तुला टाकून गेला आणि तू तीन दिवस फोन उचलला नाहीस, तेव्हापासून."

"मला ताप होता तेव्हा."

"हो. ताप होता," आई म्हणाली.

ताप नव्हता. मी तीन दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, या वहीलासुद्धा. आई तेव्हा दोन बस बदलून आली, दाराला कान लावून बसली, आणि मी उघडलं तेव्हा फक्त चहा टाकला. जाताना मला म्हणाली होती, मी म्हातारी एकटी, माझ्यावर जरा लक्ष ठेवायला काहीतरी पद्धत काढ बाई. मी काढली. मोठ्या ऐटीत काढली.

"मी तुझ्यावर लक्ष ठेवतेय असं मला नऊ वर्षं वाटत होतं, आई."

"मग? ठेवत होतीसच की. दोघींनी ठेवायचं असतं."

"आणि वहिनी?"

"तिसरी लांबची हवी, पण चावीपुरती जवळची चालते."

मी हसत होते की रडत होते, ते काकांना विचारावं लागेल. ते तोवर गाडी लावून व्हरांड्यात आले होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

२२ तारीख, मंगळवार

मॅडमनी आज समितीला कळवलं: महिनाभर बघायची गरज उरली नाही, कंपनीला नकार. माझा तो सहीचा कागद त्यांनी मला परत दिला. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "शब्द पाळला." स्टेशनमास्तरांचा फोन आला, त्यांना नणंदेला भेटायचंय. कोठारातली रिकामी जागा मी आत जाऊन बघितली. आता भीती नव्हती. जागा चांगली कोरडी आहे, तिथे चौथं यंत्र मावेल.

सकाळी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. आईची रिंग आली नाही तर मी काय करणार होते? नऊ वर्षांत मी हा विचारच केला नव्हता. तिच्या गावात वाटी घेऊन जाणारं माझं कुणी नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. लगेच तिला फोन लावला आणि शेजारच्या कुणाचा तरी नंबर मागितला.

"औषधांच्या दुकानातल्या मुलीकडे तुझा नंबर केव्हाच दिलाय मी," ती म्हणाली. "आता तिचा घे. आणि मध्येच असे फोन करत जाऊ नकोस, सात दहाला कट केलंस तेवढं पुरे आहे."

संध्याकाळी वहिनींची वाटी परत करायला वर गेले. धुवून, पुसून, काठोकाठ साखर भरून नेली. त्यांनी वाटीकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरातून एक एक करत तीन मोठे डबे आणून माझ्यापुढे ठेवले. झाकणं उघडली. नऊ वर्षांची साखर.

"मला चालत नाही, टाकवत नाही," त्या म्हणाल्या. "घेऊन जा आता सगळी. मुंग्या लागतात."

तीन खेपा कराव्या लागल्या.